काकांचे मोजे

४ मार्च

पुन्हा तेच. एका बाईंना सँडल घालून देताना त्यांच्या टाचेवर काळा ठिपका दिसला आणि माझे हात थांबले. अंगठ्यानं चोळला – गेला. डांबर! बाई म्हणाल्या, सँडल दाखवताय की पाय धुताय? काका गल्ल्यावरून सगळं बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पायाचं माप घ्यायचं असतं. तपासणी नाही."

नववीत शाळा सोडलेल्याला डॉक्टरसाहेब म्हणायचं, म्हणजे एका शब्दात दोन चपराका. काकांचं हे कसब मानलंच पाहिजे.

५ मार्च

मेलॅनोमा. कातडीचा कॅन्सर. बाबांच्या दवाखान्याच्या कागदांवरून हा शब्द मी नीट उतरवून घेतला होता, एकही मात्रा न चुकवता. घरात तो कुणी उच्चारत नाही. आई 'ते' म्हणते. काका 'तो प्रकार'. काकू नुसती खिडकीकडे बघते.

९ मार्च

बाबांची आठवण काढायची तर अशी काढावी, उगाच हळवं होऊन नाही.

बाबांनी जन्मभर याच दुकानात बूट विकले. तळव्यावर डाग उठला तेव्हा म्हणाले, बुटाचा रंग उतरलाय. त्यांच्याशी वाद कोण घालणार? रंगातलं त्यांना कळायचं! मग आईनं वजरीनं घासला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं कुरूप म्हणून पट्टी दिली. ती संपल्यावर त्यानं आणखी मोठी पट्टी दिली. खऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचलो तोवर जांघेत गाठी आल्या होत्या. वजरीनं सगळं गेलं, डाग सोडून.

नंतर आत्या. पायाच्या नखात काळी रेघ. दारात बोट सापडलं होतं म्हणाली आणि वरून लाल नेलपॉलिश लावलं. तेच लाल नख घेऊन ती बाबांच्या वर्षश्राद्धाला रडत बसली होती. येईल त्याला सांगत होती, दादानं वेळेवर दाखवायला हवं होतं!

डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, एकाच घरातले दोन झाले, बाकीच्या भावंडांनी आणि मुलांनी तळवे, नखं दाखवून घ्या. भावंड उरलंय एकच. ते गल्ल्यावर बसतं आणि मोजे काढत नाही.

१० मार्च

काकांना पुन्हा विचारलं. म्हणाले, "मोजे घालून झोपणाऱ्यानं मला शिकवू नये."

आईनं सांगितलेलं दिसतंय. मला पायाला गार लागतं, म्हणून घालतो. (पंखा लावतो, ही गोष्ट वेगळी.)

१५ मार्च

आज मजा आली. काका दुपारी मागच्या खोलीत आडवे झाले – बूट बाहेर, मोजे अर्थातच पायात. म्हटलं बूट पुसून ठेवू. डाव्या बुटाच्या टोकाला हात लागला तर आत कागदाचा बोळा! नवा बूट चेपू नये म्हणून खोक्यात असतो तोच. उभा जन्म बूट विकण्यात गेला आणि स्वतःच्या बुटातला कागद काढायला विसरले! काढून फेकून दिला.

काकूला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "त्यांच्या बुटांना हात लावत जाऊ नकोस," म्हणाली.

१६ मार्च

बुटात नवा बोळा. माणूस हट्टी तरी किती असावा.

२२ मार्च

बाबा आणि आत्या, दोघांचा मिळून एकच स्मरणाचा कार्यक्रम. खुर्च्या दोनदा कोण आणणार? टेबलावर दोन फोटो. दोघंही असे बघत होते की जणू दुसऱ्यालाच काहीतरी झालंय.

मामांनी भाषण केलं. आजाराशी झुंज दिली म्हणे. झुंज! बाबांनी झुंज दिली ती डॉक्टरकडे न जाण्यासाठी, आणि ती जिंकलेसुद्धा. मग आत्याचे यजमान म्हणाले, ती सदा हसतमुख असायची. ज्या घरात ती हसायची ते आमचं होतं, त्यांचं नव्हे.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, सगळ्यांनी मोजे काढा.

कुणी हललं नाही. आत्येभावानं बिचाऱ्यानं एक काढला, त्याला भोक होतं, परत चढवला. मामा म्हणाले, पोरगं हळवं आहे. मग माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, आता नंबर तुमचा आहे."

काका उठले आणि डावा पाय जरा फेकत निघून गेले.

२३ मार्च

काकांनी दिवसभर मला नुसत्या बोटानं खोकी दाखवली. डॉक्टरसाहेबसुद्धा नाही.

२४ मार्च

दुपारी काकांनी शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "घे माप."

मी खाली बसलो. बूट काढला, बोळा पडला. मोजा काढला.

अंगठा नाही. डाव्या पायाला अंगठाच नाही. जागा भरून आलेली, गुळगुळीत.

मग काकांनीच सांगितलं. आत्या गेल्यावर मी तळवे दाखवा म्हणून डोकं खाल्लं तेव्हा त्यांनी न्हाणीघरात कडी लावून पाय पाहिले होते. मग मेव्हण्याकडे राहायला जातो म्हणून महिनाभर गेले होते – मेव्हणा कसला, दवाखाना! वेळेत सापडलं, अंगठ्यावर निभावलं. अजून दर काही महिन्यांनी दाखवून येतात. फक्त काकूला माहीत.

मला का नाही सांगितलं?

"बूटवाल्याला अंगठा नाही, हे गावभर झालं असतं. आणि तुझं खरं निघालं म्हणून तू डोक्यावर बसला असतास." मग मोजा चढवता चढवता म्हणाले, "आता तुझे काढ."

मी म्हणालो, उद्या.

२५ मार्च

काका खाली बसले, मी स्टुलावर. मी मोजा घट्ट धरला होता. त्यांनी माझी बोटं सोडवली. चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला. मी म्हणालो, बुटाचा रंग असेल, चोळून बघा.

त्यांनी चोळलं. गेला नाही.

उद्या दुकान बंद.