दुष्काळातली तूर आणि शहाणं यंत्र

मुखेड, ४ मार्च २०२४

चि. भीमाशंकरास रत्नम्माआजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला अक्षर येत न्हाई, म्हणून शिवकांता लिहून राहिली. हाव, तीच! लातूरला तुझ्या डाळमिलीत वीस वर्षं तूर निवडली अन् परवा तू जिला एसटीत बसवून घरी धाडलंस, ती. फोनवर तू हाव हाव म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद.

म्हणे कॅमेऱ्याचं यंत्र आणलंस. ते दाणा बघतं, स्वतः इचार करतं अन् वाईट दाणा फुंकून बाजूला उडवतं. बरं केलंस बाबा, इचार करणारं एक तरी घरात असावं! त्याला हार घातलास, नारळ फोडलास, साहेबराव व्यापाऱ्याला फोटो धाडलास. इथं नवा जिल्हा होणार अशा नुसत्या आवईवर चौकात फटाके वाजले, त्यातलाच प्रकार. पाण्याचा टँकर काय अजून आला न्हाई.

शिवकांताचं घर तिच्या एकटीवर चालतं. तिची चूक काय, तेवढं कळीव. (इथं तिचा हात थांबला होता. मी दटावलं.)

विहीर आटली तेवढं पुरे, तू माया आटू देऊ नको.

रत्नम्मा

लातूर, १६ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

शिवकांताबाईंची काहीच चूक नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, यंत्राचीही नाही. त्याला चांगल्या सालातल्या टपोऱ्या तुरीचे फोटो दाखवून शिकवलं होतं. यंदा पावसावाचून दाणा बारीक, सुरकुतलेला. यंत्रानं निम्मी तूर खराब ठरवून उडवली आणि मी ती गुरांच्या चाऱ्यात घातली. साहेबरावांनी कपाळाला हात लावला.

आता म्हणे, जाणत्या माणसानं निवडलेले ढीग दाखवून यंत्राला नव्यानं शिकवायचं. पंधरा दिवस शिवकांताबाईंना पाठवतेस का?

शिव्या दे, पण आशीर्वाद बंद करू नकोस.

तुझा भीमाशंकर

मुखेड, २१ मार्च

चि. भीमाशंकरास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शिवकांताकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा निव्वळ मजेसाठी. दुष्काळात तूर बारीक होती हे शेंबडं पोर सांगंल. अन् ते तुझ्या शहाण्याला उमगलं न्हाई! अरे, उपासानं लेकरू वाळलं म्हणून आई त्याला उकिरड्यावर टाकते का? यंत्राचं जाऊ दे, तू तर तुरीच्या घरात जलमलास. तुझे डोळे कुठं गेले होते?

पंधरा दिवस कशाला? गुरुजीकडून शिकून घ्यायचं अन् गुरुजीलाच शाळेबाहेर काढायचं? येईल ती कायमची. खुर्चीवर बसंल. यंत्र जे उडवंल, ते ती पुन्हा बघंल अन् तिचाच शब्द शेवटचा. कबूल असंल तर सहीनिशी लिहून धाड. न्हाईतर यंत्रालाच वरण वाढ.

तब्येतीला जप. अक्कल आली की भेटायला ये.

रत्नम्मा

मालक, एवढ्या ओळी माझ्या. आजींना वाचता येत नाही म्हणून लिहिते. अट माझीही तीच आहे, सही पाठवा. पण खडे मात्र यंत्र माझ्याहून चांगले काढतं, निघायच्या दिवशी मी बघितलं. ते काम त्याच्याकडेच राहू द्या. आजींना सांगू नका.

शिवकांता