कान स्वच्छ, डोळे धूसर

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, फोटो स्टुडिओत काकांसोबत निम्म्याची वाटेकरी. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे, म्हणून हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. बुद्धी शाबूत आहे. भीती वाटते, पण तिने अक्षर बिघडलेलं नाही, हे वाचणाऱ्याने पाहून घ्यावं.

एक. बँकेतली ठेव आणि लोखंडी कपाट आईला. कपाटाचं दार जरा उचलून लावावं.

दोन. बाबांची पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स धाकट्या बहिणीला. काकांनी ती दुरुस्तीसाठी उघडू नये. तिचा स्वभावच तसा आहे: ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवून फोकस केला आणि मग ते चारच्या आकड्यापर्यंत लहान करून फोटो काढला, की फोकस दोन बोटं मागे सरकतो. ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा, त्यावरच फोकस करावा. बाबा तसंच करायचे. कारण सांगायच्या आधीच ते गेले. काकांनी मला उलट शिकवलं, आणि मी ते निमूटपणे पाळलं. ही चूक माझी.

तीन. मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाच्या फोटोबद्दल. तो मी याच लेन्सने, काकांच्या पद्धतीने डोळ्यांवर फोकस करून काढला, आणि डोळेच धूसर आले. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, हात हलला तुझा. आता काउंटर सांभाळ." बहीण म्हणाली, "ताई, बाईंचे कान काय सुरेख आलेत गं!" ती थट्टा करत होती, पण उत्तर त्यातच होतं. हात हलला असता, तर कानही धूसर आले असते; फोकस डोळ्यांवरून मागे कानांवर सरकला होता. चार वर्षं मी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. माझा हात एकदाच हलला आहे, एका बारशाच्या फोटोत, आणि ते मी त्याच दिवशी कबूल केलं होतं.

चार. स्टुडिओतला माझा वाटा काकांना, एका अटीवर. त्यांनी बाबांची लेन्स चढवून कॅमेरा स्टँडवर लावावा, समोर मोजपट्टी तिरपी ठेवावी, मधल्या आकड्यावर त्यांच्या पद्धतीने फोकस करून चारवर फोटो काढावा. कोणता आकडा स्वच्छ आला, ते फोटोखाली लिहून सही करावी. महिन्याभरात केलं नाही, तर वाटा बहिणीचा. "लहान तोंडी मोठा घास," असं ते म्हणतील. खुशाल म्हणोत.

मी परत आले, तर हा कागद रद्द. चौथ्या कलमातली पट्टीची अट सोडून. स्टँड मीच लावून देईन.

सही: थोरली पुतणी
साक्षीदार: समोरचे चष्मेवाले, आईची मैत्रीण, बँकेतली कॅशिअर
स्थळ: स्टुडिओचं काउंटर
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार