मधलं बेरिंग

१० ऑगस्ट, रविवार
डायरी नवी काढली. मोठ्या कामाची नोंद नसली की पुढे लोक म्हणतात, सहज झालं असेल.
काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सरलाच्या फुफ्फुसांना दिल्लीचा आणखी एक हिवाळा झेपणार नाही, दिवाळीच्या आत पुण्याला हलवा. विमान नको म्हणाले. मी म्हटलं, बिल्कुल. अठ्ठ्याऐंशी साली लग्न करून तिला ज्या फियाटमधून आणलं, त्याच फियाटमधून परत नेणार. शब्दच दिला होता तेव्हा. गाडी एकोणसत्तरची, नऊ वर्षं सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी. अडचण फक्त इंजिनाची.
निघण्याची तारीख ५ ऑक्टोबर. फायनल.

१७ ऑगस्ट
यामीन मिस्त्री येऊन गेला. सत्तरीचा माणूस, गाझियाबादच्या अर्ध्या जुन्या गाड्या त्याच्या हातच्या. क्रँकशाफ्ट घासून आणला, तो ज्यांत फिरतो ती नवी मेन बेरिंग आणली. एकूण तीन. पुढचं, मधलं, मागचं. दोन दिवसांत बसवून देतो म्हणाला. नको म्हटलं. बत्तीस वर्षं मिनिस्ट्रीत काढली, अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो, मला वाचता येतं. मॅन्युअल आहे.
जाताना त्याने तीनदा बजावलं. प्रत्येक बेरिंगचे दोन अर्धे भाग. तेलाचं भोक असलेला अर्धा वर, ब्लॉकमध्ये, भोकाला भोक जुळवून. बिनभोकाचा खाली. उलटं झालं तर तेल पोचणार नाही, इंजिन गेलं.
अरे बाबा, डोळे आहेत मला.

३० ऑगस्ट
गणपतीमुळे काम नाही. त्याआधी पावसाळी हवेमुळे नाही.
सुधन्वाने पुण्याहून रेल्वेची तिकिटं पाठवली. २८ सप्टेंबर, सेकंड एसी, दोघांची, कन्फर्म. म्हणे बाबा, रिस्क नको. आजकालच्या मुलांना बापावर विश्वासच नाही. कॅन्सल केली. सरलाला बोललो नाही. उगाच तिची चलबिचल नको.

१४ सप्टेंबर
आज सगळे भाग रॉकेलने धुतले, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. फोटो काढण्यासारखं दृश्य. तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी चिराग आला. फरशीवर तेल, रॉकेलचा वास, वगैरे. वर मला कायदा शिकवतो की विंटेज गाडी फक्त रॅलीला नेता येते, प्रवासाला नाही. मी म्हटलं, यार, एकोणसत्तरची गाडी पुण्याला पोचली तर ती रॅलीच.
या गडबडीत सहाही अर्धे भाग बिस्किटांच्या डब्यात टाकून वर आणावे लागले. काही बिघडत नाही. दिसायला सारखेच आहेत.
सरला आज सोफ्यावर उशा लावून बसूनच झोपली. सवय लागली की बरं वाटेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
ऐतिहासिक दिवस! तिन्ही बेरिंग बसवली. टोप्या लावल्या, टॉर्क पान्याने मापात आवळल्या. हाताने क्रँक फिरवला, लोण्यासारखा फिरला. यामीनला फोन करून सांगितलं. त्याने एवढंच विचारलं की भोकाला भोक जुळवून पाहिलंत ना. मी फोन ठेवला.
मग सरला लिफ्टने खाली आली. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात इनहेलर. घरातली हत्यारं आणि गाडी आज पुजायचीच, सासूबाईंपासूनचं आहे म्हणाली. मी वळेपर्यंत हिने हळद-कुंकू लावलंसुद्धा! वर झेंडू. मी ओरडलो. सहस्रांश इंचाचं काम आणि त्यात कुंकवाची भुकटी? ती म्हणाली की फक्त बाहेरच्या पुलीला एक बोट टेकवलं. मग खांबाला टेकून बसली. दहा मिनिटं बोलता येईना. बेसमेंटच्या हवेमुळे.
५ ला निघणं अशक्य. नवी तारीख १५. दिवाळीच्या आतच आहे.

१९ ऑक्टोबर
आजची तारीख १५ समजावी.
दुपारी इंजिन सुरू झालं. पहिल्या फटक्यात! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चार मिनिटं चाललं. मग टकटक. मग कर्कश किंचाळी, आणि बंद. आता हँडलनेही हलत नाही. जाम.
कारण उघड आहे. कुंकू. बेरिंगमध्ये भुकटी गेली. वर जाऊन सरलाला सांगितलं, जरा मोठ्यानेच. थोड्या वेळाने ती उठली आणि देवघरातला कुंकवाचा करंडा कपाटात ठेवून आली.

२३ ऑक्टोबर
दिवाळीच्या धुरात समोरची बिल्डिंग दिसत नाही. सरलाचे ओठ निळसर वाटले; ट्यूबलाइटचा परिणाम असावा. सुधन्वा परवाच आला होता. आज ऑक्सिजनचं मशीन घेऊन तिला रेल्वेने नेलं. मी स्टेशनवर गेलो नाही. तिथे फार गर्दी असते आणि इंजिन उघडायचं होतं. आठ दिवसांत गाडी घेऊन पोचतो म्हटलं. दारात तिने सांगितलं की डाळ-तांदूळ खालच्या डब्यात आहेत आणि गॅस आठवणीने बंद करा.
घर शांत आहे. कामाला उत्तम.

२ नोव्हेंबर
उघडलं. पुढचं बेरिंग ठीक. मागचं ठीक. मधलं जळून काळं, क्रँकला चिकटलेलं. खरवडून काढलं.
बिनभोकाचा अर्धा वर होता. भोकाचा खाली. तेल आलं, पत्र्यावर अडलं, पुढे गेलंच नाही.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुंकू आत कुठेही नाही. पुलीवर आहे. एका बोटाचा ठिपका, अजून तसाच.
हे कोणाला कळवण्याची आवश्यकता दिसत नाही.

८ नोव्हेंबर, दुपारी
पाच दिवसांपासून सरला हॉस्पिटलमध्ये आहे, हे सुधन्वाने आज सांगितलं. आधी का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाला की रोज फोन करतोय, तुम्ही बेसमेंटमध्ये असता. मग तिच्या कानाला फोन लावला.
गाडी कुठवर आली, विचारलं तिने. मी म्हटलं, सुरू झाली, एकदम मक्खन. ऐकवा म्हणाली.
लाइट गेली होती, लिफ्टचा जनरेटर धडधडत होता. फोन त्याच्यापाशी धरला. पूर्ण एक मिनिट. कानाला लावला तर बराच वेळ नुसती धाप. मग म्हणाली की अहो, हा आपल्या लिफ्टचा जनरेटर आहे, अकरा वर्षं ऐकतेय.
रागावली नाही. उलट म्हणाली की कुंकू माझ्याच हातून सांडलं असेल, तुमची एवढी मेहनत वाया गेली, मनात ठेवू नका.
मला सांगायचं होतं. सुधन्वाने फोन घेतला, आई दमली म्हणाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

संध्याकाळी
लाज वाटते. तिच्यासमोर बसूनच सांगणार. उद्याच्या रेल्वेचं तिकीट काढलं. विमान महाग म्हणून नाही, सगळी विमानं भरलीत. वेटिंग ८७.

९ नोव्हेंबर, सकाळी
सरला पहाटे गेली.
कुंकू पुलीवरच होतं, हे तिला सांगायचं राहिलं.
तिकीट कन्फर्म झाल्याचा मेसेज आला आहे.