रमलाचं पातेलं

कंपाँग, ख्रिसमस बेट
८ फेब्रुवारी १९९८

चि. आमोय हिला रमलाचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद वि. वि.

सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी अजून ‘आमोय’, म्हणजे ‘अगं पोरी’, म्हणून लिहिते यावर तुझी सून हसत असेल. हसू दे. वरच्या पोन सानच्या चिनी वस्तीतून दोन वेण्या उडवत तू आमच्या मलय कंपाँगात उतरायचीस तेव्हाची तू आमोय आहेस, आणि मी तुझी काक, तीन वर्षांनी मोठी ताई आहे. मुलाने पर्थला नेलं म्हणून वयं बदलत नाहीत.

यंदाही तुमचं नवं वर्ष आणि आमची हरी राया ईद एकाच आठवड्यात आली. सलग तिसऱ्यांदा. आता पुन्हा असं जुळायला तीसेक वर्षं लागतील असं इमामसाहेब म्हणाले. तेव्हा आपण दोघी कुठे असू हे सांगायला इमाम नको. तुमचे सोंगातले सिंह नाचत नाचत खाली समुद्रापर्यंत आले होते, इकडे मशिदीत तकबीर चालू, आणि मधल्या रस्त्यावर ते ढोल आणि ही तकबीर असं काही एक झालं की मी दारात उभी राहून रडले. रडण्यासारखं काही नव्हतं.

रिवाजाप्रमाणे मी दिवसभर दार उघडं ठेवलं होतं. खूप लोक आले. भाताच्या केतुपातांसाठी नारळाच्या झावळीच्या पुड्या यंदा मला एकटीलाच विणाव्या लागल्या. तुझ्या चौकोनी व्हायच्या, माझ्या लंगोटासारख्या झाल्या. चिनी बाईने विणलेल्या पुड्या मलय बायकांपेक्षा सुबक असतात हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नव्हतं. केलेलं मांसाचं रेंदांग अजून पुरतंय. शेजारच्या कोंबड्यांनाही आता भात नकोसा झालाय.

खरी बातमी पुढेच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. सप्टेंबरात पर्थला ऑपरेशन. दवाखाना राहायची सोय करतो म्हणत होता. मी सांगितलं, नको, मी मैत्रिणीकडे उतरणार, तिथे माझं पातेलं आहे. नर्सबाईला काही कळलं नाही. नोरिझा फोनवर ओरडते की ऑपरेशननंतर सरळ आमच्याकडे कॅटॅनिंगला ये आणि कायमची राहा, त्या खडकावर एकटीने काय करायचंय. लेक कत्तलखान्याच्या गावात बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे. ते पुढचं पुढे. आधी मला तुझ्या हातची आलं आणि चक्रीफुलाची कोंबडी पाहिजे.

कळावे. लोभ जुनाच आहे, नव्याची मागणी नाही.

तुझी काक रमला

---

पर्थ
१ मार्च १९९८

ती. काक रमला हिला सूक यिनचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून नुसतं धरून बसले. तू येणार! वाय मेंगला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, आई, सप्टेंबरला अजून सहा महिने आहेत, तू आत्ताच चादरी का काढल्यास. या मुलाला काय कळणार.

मी मजेत आहे. घर मोठं आहे, न्हाणीघरंच तीन आहेत. नवं वर्ष आम्ही रविवारी केलं, कारण खऱ्या दिवशी दोघांना कामावर जायचं होतं. जेवण हॉटेलातून आणलं. दुधाची तहान ताकावर, पण चांगलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायला दाराशी संत्र्यांचं ताट मांडलं होतं. इथे कुणी कुणाकडे न कळवता येत नाही हे माझ्या लक्षात राहत नाही. संत्री सुरकुतायला लागली तेव्हा मीच खाल्ली, रोज दोन, जोडीने. आपण देतो तशी.

तुझं पातेलं सुखरूप आहे. वरच्या फळीवर, लाल फडक्यात. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी फॉस्फेटच्या खाणीच्या दुकानातून ते आणलं होतं. म्हणाल्या, तुझी मलय मैत्रीण येणार, तिच्या पोटात आपल्या डुकराचा थेंब जाता कामा नये. तुझा नवरा सेनिन कोंबडी हलाल कापून स्वतः वर घेऊन यायचा आणि पायरीवर बसून ती शिजेपर्यंत आम्हाला घाई करायचा. इथे आले त्या दिवशीच मी जोआनाला सांगून ठेवलंय की हे पातेलं खास आहे, याला कुणी हात लावायचा नाही. तिने मान डोलावली. फार गुणाची सून आहे. आमच्यात बोलायला भाषा कमी पडते इतकंच. हलाल कोंबडीचं दुकानही शोधलंय, दोन बस बदलाव्या लागतात.

कंपाँगात खूप लोक आले हे वाचून बरं वाटलं. कोण कोण आलं ते मात्र तू लिहिलं नाहीस.

कळावे, आणि आठवण येईल तेव्हा पत्र यावे.

तुझी सूक यिन

---

पर्थ
२ ऑगस्ट १९९८

ती. काक रमला हिला नमस्कार.

तू माझ्याकडे उतरू नकोस. नोरिझाला सांग, ती तुला दवाखान्यातून थेट घेऊन जाईल.

मागच्या आठवड्यात मला ताप होता. जोआनाने रजा घेतली. वाय मेंगला विचारून विचारून तिने माझ्यासाठी सूप केलं, तो लहान असताना मी करायची तसं, डुकराच्या हाडांचं. मी अर्धा वाडगा प्यायले. तिला फार आनंद झाला. मग मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीवर तुझं पातेलं होतं.

मी खास म्हटलं होतं. तिला वाटलं, माझ्या प्रेमाचं, माझ्यासाठी खास. म्हणून मी आजारी पडल्यावर तिने तेच उतरवलं. तिला रागवू तरी कसं? मी सगळं सूप प्यायले, भांडं घासलं, वाळवलं, फडक्यात बांधून वर ठेवलं आणि रात्रभर जागी राहिले.

तुला सांगितलं नसतं तर कधी कळलं नसतं. तुझे डोळे असे, आणि माझ्यावर तुझा विश्वास असा. तो विश्वास आहे म्हणूनच लिहिते आहे. नंतर मी जोआनाला कसंबसं समजावलं. ती पळत जाऊन नवं पातेलं घेऊन आली, चकचकीत. पण काक, प्रश्न पातेल्याचा राहिला नाही. पोन सानला स्वयंपाकघर माझं होतं. कुठल्या चमच्याने काय ढवळलं हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. इथे दुपारी पडून उठले की डाव जागा बदललेले असतात. या स्वयंपाकघराबद्दल मला शब्द देता येत नाही. जेवायला ये म्हणण्याइतकं माझं इथे काही नाही.

राग मानू नकोस.

सूक यिन

---

कंपाँग
२५ ऑगस्ट १९९८

चि. आमोय,

आशीर्वाद नंतर देते, आधी कान धरते. चार ओळींत मला नोरिझाकडे धाडून मोकळी झालीस! मी काय पत्ता चुकलेलं पार्सल आहे?

इमामसाहेबांना विचारलं. मला माहीत होतं, पण तुझ्यासाठी पुन्हा विचारलं. डुकराने बाटलेलं भांडं सात पाण्यांनी धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं. संपलं. भांडं पहिल्यासारखं पाक. पन्नास वर्षं आमच्यात वावरलीस आणि एवढं ठाऊक नाही? मी लगेच दारातली माती डब्यात भरून पोस्टात नेली, म्हटलं कंपाँगच्याच मातीने धुवू दे. पोस्टातला हसून लोळला. बेटावरची माती पर्थला पाठवायला बंदी आहे म्हणे. माणसं न्यायला नाही, मातीला बंदी. तेव्हा तिथलीच खण. अल्लाची जमीन इथून तिथपर्यंत एकच आहे.

आणि हे एकटीने चोरून करायचं नाही. सुनेला बरोबर घे. हात लावू नकोस एवढंच सांगितलंस, का ते सांगितलं नाहीस. मग तिने तरी काय करावं? तिला आमचं, तुमचं, सेनिनच्या कोंबडीचं सगळं सांग. भाषा कमी पडली तर हातवारे कर.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. हरी रायाला माझ्याकडे खूप लोक आले नव्हते. पोस्टमास्तरीण आली, इमामसाहेबांची बायको उभ्या उभ्या आली, आणि वाट चुकलेले दोन पाहुणे. मी संध्याकाळपर्यंत नवं वस्त्र घालून बसले होते. दार लावताना मला लाज वाटली, आणि ती लाज लपवायला तुला खोटं लिहिलं.

वर तुमचा भुकेल्या भुतांचा महिना सुरू झालाय. देवळापुढच्या खेळाला मी गेले होते. पुढची रांग नेहमीसारखी भुतांसाठी रिकामी, आणि मागे आम्ही मोजकी माणसं. यंदा भुतंच जास्त होती. शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली, तुझ्यासाठी ठेवायची तशी. खेळ संपेपर्यंत ती जागा कुणी मागितली नाही.

तिकीट सव्वीस सप्टेंबरचं आहे. ढगांमुळे विमान उतरलं नाही तर पुढच्या फेरीला. पण तुझ्याकडेच.

काक रमला

---

पर्थ
१० सप्टेंबर १९९८

ती. काक रमला हिला साष्टांग नमस्कार वि. वि.

धुतलं. तुला सगळं सांगते.

वाय मेंगच्या अंगणात माती नाहीच, सगळीकडे विटा. जोआनाने पहार आणून चार विटा उचकटल्या, खाली पांढरी वाळू. मी म्हटलं, झालं. तर तिने स्वतः मशिदीत फोन लावला. तिकडचे गृहस्थ म्हणाले, मातकट पाहिजे, नुसती वाळू नको. मग तिने कुंपणालगतच्या लिंबाच्या झाडाखाली खणलं. कोपरापर्यंत हात काळे. पाणी ओतताना ती एक एक मोजत होती, मोठ्याने, आणि मी मलयमध्ये मोजत होते. पाचव्याला आमचं जुळेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

धुता धुता तिला सगळं सांगितलं. सेनिनच्या घाईचं सांगितलं तेव्हा ती हसली, आणि तुझ्या उघड्या दाराचंही सांगितलं. आता पातेल्यावर तिने चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्या भाषेत तिने काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण तुझं नाव ओळखलं.

वाड्यावर कुणी नवरी यायची असावी तशी मी वाट बघते आहे. ढगांना सांग.

तुझीच, सूक यिन

---

कॅटॅनिंग
१५ नोव्हेंबर १९९८

चि. आमोय हिला सलाम आणि आशीर्वाद वि. वि.

हे पत्र मी नव्या डोळ्यांनी लिहिते आहे, म्हणून अक्षर बारीक आलंय. तुला वाचायला त्रास होईल. आता तुझी पाळी.

तुझ्याकडच्या त्या दिवसांबद्दल काय लिहू? कोंबडी पहिल्यासारखीच झाली होती. चक्रीफूल एक जास्त पडलं होतं, तेव्हा बोलले नाही. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर पहिलं तुला बघितलं आणि तू इतकी म्हातारी कधी झालीस ते मला कळेना. तूही माझ्याकडे तशीच बघत होतीस.

कंपाँगातलं माझं घर नोरिझाने सोडलं. फोनवरूनच. सामान जहाजाने येतंय. मी फार भांडले नाही, कारण तिथे परत जाऊन दार कुणासाठी उघडायचं? बेटावर आता लाल खेकडे समुद्राकडे निघाले असतील, माझ्या पायरीवरून. त्यांना कुणी आत यायला बंदी करणार नाही.

इथे गव्हाची शेतं, मेंढ्या आणि थंडी. समुद्र नाही. माणसं मात्र आपलीच, बेटावरून आलेली. मशीद जवळ, दुकानात सगळं हलाल. नोरिझा म्हणते, बघ आई, इथे तुला काही विचारायला नको, की काही जपायला नको. ते खरं आहे. तिच्या घरात सगळीच भांडी मला चालतात. त्यामुळे माझं असं एकही नाही.

निघताना तू लाल फडक्यातलं पातेलं गुपचूप गाडीत ठेवलंस. इथे सुरक्षित राहील असं तुला वाटलं असेल. परवा नोरिझाने त्यात बटाटे उकडले. काही बिघडलं नाही. इथे त्याचं काही बिघडूच शकत नाही. मी ते घासलं, शेल्फात इतरांत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला ते पटकन सापडेना. तेव्हा मी रडले, आमोय, आणि या वेळी रडण्यासारखं होतं.

म्हणून ते परत पाठवते आहे. नोरिझाचा नवरा शुक्रवारी पर्थला येतोय, तो आणून देईल. वरच्या फळीवर ठेव. चिठ्ठी निघाली असेल तर जोआनाला पुन्हा लिहायला सांग. मला पुन्हा कधी येता येईल माहीत नाही. नोरिझाला सुट्टी नसते, आणि तुझे पायही आता बस बदलण्याजोगे नाहीत. पण कुणाच्या तरी घरात, रोजच्या भांड्यांपासून दूर, माझ्यासाठी एक पातेलं राखून ठेवलेलं असू दे. चुकून पुन्हा बाटलं तर घाबरू नकोस, लिंबाखाली माती आहे.

कळावे. लोभ आहे तिथेच, वरच्या फळीवर असू द्यावा.

तुझी काक रमला