अंगणात ऊन किती वाजता येतं

चि. ठमाबाईस,

पत्र्याच्या झारीतून पानांवर पडणाऱ्या पाण्याची टपटप अजून माझ्या कानात आहे. शाळेआधी तू झाडांना पाणी घालायचीस आणि मी खिडकीशी बसून क्रमिक पुस्तकातल्या कविता मोठ्याने म्हणायचो. पुढे तू झाडांचंच काम करायचं ठरवलंस, तेव्हा "मातीत हात घालायला शिकवलं का तुला?" असं बोलून बसलो. तू गेलीस. जाताना ती झारी तेवढी नेलीस. पाच वर्षांत अंगण ओसाड झालं.

वसंत आला, म्हणून काल धीर करून रोपवाटिकेत गेलो. कवितेत भेटलेली सगळी फुलं मागितली. गुलाब, जाई, कमळसुद्धा. माळी हसला.

"आजोबा, तुमच्या अंगणात ऊन किती वाजता येतं?"

मला सांगता येईना. जन्म गेला या घरात.

"कवितेतल्या गुलाबाला सावली चालते, आमच्या नाही. पत्ता लिहा, आमच्या रोपवाटिकेच्या बाई येऊन जागा बघतील."

पत्ता वाचून तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तुला त्या उन्हाचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. चुकलो मी, ठमे. हे तोंडाने म्हणायचं धाडस नाही, म्हणून लिहितोय, आणि पेटीत टाकायचंही होणार नाही बहुतेक.

तुझा हट्टी,
बाबा

ता. क. सकाळचे नऊ झालेत. रोपवाटिकेच्या बाई फाटकातून आत आल्यात. अंगणात उकिडव्या बसून भिंतीची सावली बघतायत. शेजारी पत्र्याची झारी ठेवली आहे.

दार वाजवते आहेस. उठतो.