निरोगी मनगटाचा निर्वाळा

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥

चिरंजीव हिमांशू यास मामाचे आशीर्वाद. नागपुरात तुझा अस्थिरोगाचा दवाखाना उत्तम चालत असेल, असे धरून चालतो. माझ्या प्रकृतीची चौकशी तू करणार नाहीस. ती उत्तम असल्याचा निर्वाळा तूच देऊन बसला आहेस.

कार्तिकस्नानास गेलो असता तलावाच्या शेवाळलेल्या पायरीवर घसरलो आणि साऱ्या देहाचा भार उजव्या तळहातावर आला. (स्नान पूर्ण करूनच घरी परतलो, ते पुण्य कोणाच्या पदरी पडले, ठाऊक नाही.) धाकट्या योगराजने मला अर्जुनीला नेऊन एक्स-रे काढून आणले. तुलनेसाठी दोन्ही मनगटांचे काढतात म्हणे. घरचा भाचा तज्ज्ञ असता परक्याचे पाय कशाला धरावे, म्हणून फोटो तुला मोबाइलवर पाठवायचे ठरले. तेथे तुझी मामी आडवी आली. नात पुष्पांजलीचे लग्न ठरलेले. "लगनाच्या घरातून मोडक्या हाडाचा फोटो काऊन धाडता? हा पाहा कसा सुरेख आहे, हाच धाडा," असे म्हणून, स्थळाकडे मुलीचा फोटो निवडून द्यावा तशा निगुतीने तिने माझा डावा हात निवडला. योगराजलाही ते पटले. त्याच्या मते दोन्ही हात बाबांचेच होते.

तुझे उत्तर आले: हाड व्यवस्थित आहे, पट्टा बांधा. निदान अचूक होते, हे मान्य करतो. माझा डावा हात खरोखरच व्यवस्थित आहे. पण उजव्या हातावर पडलो हे तुला कळवले होते, आणि फोटोच्या कोपऱ्यात डावेपणाची इंग्रजी खूण ठसठशीत होती. एवढे अध्ययन करून तू हाडे वाचायला शिकलास, अक्षर वाचायचे तेवढे राहिले. त्यानंतर मी कण्हलो की योगराज म्हणे, "बाबा, कायले नाटक करून राहिले? डाक्टर म्हणते, काहीच नाही झालं." घरी वेदांना मिळाला नाही इतका मान तुझ्या त्या एका ओळीला मिळाला.

अखेर मी हट्टाने उजव्या मनगटाचा फोटो पाठवायला लावला. तेव्हा तू सांगितलेस की हाडाचे टोक मागे कलून, आखूड होऊन तसेच जुळले आहे. बाजूने पाहता जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसतो, हीच त्याची ओळख. ज्या उपकरणाने मी जन्मात एक घास उचलला नाही, ते आता मनगटात घेऊन फिरतो.

सकाळी तळहाताचे दर्शन घ्यावे, असे शास्त्र आहे. माझा तळहात माझ्याकडे वळतच नाही. भूमीकडे पाहत राहतो. तेही सोसले असते. पण पुष्पांजलीचा बाप, माझा थोरला, आज नाही. कन्यादान मीच करायचे, तुझ्या मामीने झारीतून धार धरायची. ते उदक ज्या ओंजळीतून जायचे ती उताणीच होत नाही. योगराज म्हणतो, "बाबा, हात वाकडा झाला तुमचा, मीच करतो न कन्यादान." (पुतणीला शाळेत पोचवायलाही ज्याला कधी वेळ मिळाला नाही, त्याला हा उमाळा आला आहे.) तू सुचवलेली शस्त्रक्रिया माघातल्या लग्नाआधी होऊन भरून येणे शक्य नाही, हे तूच कळवलेस. या वेळी हात बरोबर पाहिला असशील, अशी आशा करतो.

ईश्वर तुझी दृष्टी शाबूत ठेवो.

तुझा मामा,
ताराचंद

ता.क. वरील सर्व दोषारोप कायम आहेत. तरीही एक कर. योगराजला फोन लावून डॉक्टरी स्वरात सांग की बाबांचा हात पुन्हा तपासला, कन्यादानास पूर्ण समर्थ आहे. तुझा शब्द या घरात चालतो.

पुन्हा ता.क. पाणी बाजूला जाईल, हे मला कळते. तसे मी पुष्पांजलीला सांगितलेही. ती म्हणाली, "आबाजी, तुमी फक्त बसून राहा जी, माझी ओंजळ मी धारेखाली सरकवीन."