यंदा पीक नाही

२ जून २००८, सोमवार
आजपासून रोजनिशी. आमचे क्यूसीचे, म्हणजे मालतपासणीचे, मॅनेजर खंडेराव साहेब दिवाळीला रिटायर होतायत. अख्ख्या कंपनीत त्या खुर्चीला शोभणारा एकच माणूस आहे. नम्रतेमुळे नाव लिहीत नाही.
नवं काम मिळालं. आमच्या औषधाच्या पावडरीत कॅन्सर करणारं एक केमिकल किंचित राहू शकतं, दहा लाखात एखादा कण. ते जीसी मशीनवर शोधायचं. ग्राफवर त्याचं उंच टोक, म्हणजे पीक, आलं की माल नापास. १६ तारखेला परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट.

४ जून, दु. ३
पहिली बॅच. सँपल सुईने मशीनमध्ये सोडलं. पीक नाही! पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. रिपोर्टवर 'नॉट डिटेक्टेड', खाली सही. जरा मोठीच केली.
ज्युनिअर तृप्ती म्हणते, सर, पावडर ज्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवली, निदान त्याचं तरी पीक यायला हवं ना? पोरीला शुद्धता झेपत नाही.

५ जून
निफाडला दादांना फोन. पीक आलं नाही, फार छान झालं, असं सांगितलं. दादा शेतकरी. म्हणाले, लय शहाणा झाला तू, पीक नाय आलं त कोणाला आनंद व्हतो? समजावणं सोडून दिलं.

९ जून
सात बॅचेस, सातही नॉट डिटेक्टेड. तृप्ती म्हणते, ते केमिकल मुद्दाम टाकून मशीन तपासू. वा! झाडलेल्या घरात मुद्दाम उकिरडा! संकल्प: मॅनेजर झाल्यावर हिची बदली स्टोअरला.

१३ जून
माल गोडाऊनात तयार. ड्रमांवर माझ्या सहीची लेबलं. नवा शर्ट घेतला. बायको लता म्हणाली, दिवाळीला चार महिने आहेत की अजून. बायकांना दूरदृष्टी नसते.

१६ जून, स. ११
ऑडिटर सरिता मॅडम आल्या. माझे ग्राफ बराच वेळ बघत होत्या. भारावल्या असणार.

दु. १२.३०
मॅडमनी आमच्याच कपाटातलं ते केमिकल मशीनला द्यायला सांगितलं. चांगलं मर्यादेच्या शंभरपट. दिलं.
नॉट डिटेक्टेड.
बाटलीत भेसळ असणार, म्हटलं. कोणी हसलं नाही.

दु. १
तृप्तीने सुई उजेडात धरून दांडा दाबला. थेंब पडेना. तोंड बुजलेलं. कधीपासून, असं मॅडमनी विचारलं. मी एसीचं टेंपरेचर बघून आलो.

सायं. ५
नवी सुई. तृप्तीने सँपल सोडलं. सॉल्व्हंटचं पीक आलं. केमिकलचं आलं. मग आमच्या सातही बॅचेसचं आलं, मर्यादेच्या नऊपट. उद्या हा माल निघणार होता. कुणाच्या तरी रोजच्या गोळीत गेला असता, माझ्या सहीने. भीती वाटली. खरंच वाटली. चहा तसाच राहिला.

१८ जून
ऑर्डर हातची गेली. चौकशीचा फॉर्म आला. 'मूळ कारण' या रकान्यात लिहिलं: सुई.
साहेबांनी परत पाठवला. म्हणे, सुई सह्या करत नाही.
मग स्वतःचं नाव लिहिलं: सावळीराम बोरस्ते, सीनियर अ‍ॅनालिस्ट.
साहेबांनी शांतपणे वाचलं, 'सीनियर'वर एक रेघ मारली आणि खाडाखोडीच्या नियमाप्रमाणे शेजारी सही करून तारीख घातली.